मोरीचं लोढनं

आमी मूळचे बार्शीटाकळीकडचे गायकी. गायकी म्हंजे गावची सारी ढोरं सकाळी आखरावर जमा करून रानात चारून आननारा. माहा आजा गायकी, माहा बाप गायकी, आन् बापाच्या पायाले बैलानं लात मारली, तो पाय वाकडाच जुळला, तवापासून मी गायकी. पोरीची जात ढोरामांगं काहून पाठवता, असं लोक म्हने, त बाप म्हने, ढोराइले काय समजते पोरगा का पोरगी, त्याइले गवत समजते.

आन् गवताचंच सांगून राहिली मी तुमाले. सात समुद्रापलीकडं कुठं तरी लडाई लागली, तिकडचा कापूस बंद पडला आन् सायबाच्या गिरन्याइले आमचा कापूस पाहिजे झाला. हे मले मांगून समजलं. तवा डोळ्याले येवढंच दिसे, का जो उठला तो पऱ्हाटी पेरून राहिला. धुऱ्यावर, म्हंजे वावराच्या बांधावर, पऱ्हाटी, पांदनीच्या कडेले पऱ्हाटी, एका बुवानं त मसनवटीच्या अंगाले पेरली, लोक म्हने, हा मेल्यावरबी उठून कापूस येचते. बायाइच्या नाकात नथी आल्या, पाटलाच्या बैलाच्या शिंगाले पितळेच्या शेंब्या आल्या, आन् गायरान गेलं. पाटलानंच त्यावर नांगर घातला. मंग माही ढोरं जावं त कुठं जावं?

आमची सोताची एक गाय होती, मोरी. साऱ्या गोहनाच्या, म्हंजे ढोराइच्या कळपाच्या, सामोर चाले. त्या साली दिवाळी झाली तशी सारी ढोरं वाळत गेली, कुशी खोल, दूध आटलं, आन् आमची मोरी मातर टरारली. दुपारी ढोरं पाराजवळच्या लिंबाखाली रवंथ करत बसली का ही गुपचाप उठे आन् गायब. मी भाकर खाऊन पाहो त मोरी नाई. दिवस बुडता पोट ढोलासारखं करून येऊन उभी. तिकडं पाटलाच्या पऱ्हाटीचे शेंडे कोनी तरी खाऊन राहिलं होतं. मंग काय बाई, दोनाले दोन जोडले लोकाइनं. पाटलीन आमच्या दारात येऊन म्हने, माह्या वावरात चरते आन् दूध तुमच्या घरात, वा रे गायकी. मोरी वढाळ झाली म्हने. वढाळ म्हंजे दुसऱ्याच्या पिकात तोंड घालाची खोड लागलेलं ढोर. लई वाईट शब्द, बाईमानसाले लावला त त्याहून वाईट.

वढाळ ढोराच्या गळ्यात आमच्याकडं लोढनं बांधतात. लाकडाचा ओंडका, दोन पायाच्या मधात लोंबते, जमिनीवर घासत येते, ढोराले पळता येत नाई. सुतारानं बाभळीचं असं जाडजूड लोढनं केलं का बाप म्हने, अरे गाय हाये का देवळाचा हत्ती. सुतार म्हने, मले हलकं काम जमत नाई.

लोढनं बांधलं तरी दुसऱ्याच दुपारी मोरी गायब, आन् पाटलाचे शेंडे पुन्हा खाल्लेले. झालं. मोरी परत याच्या आधीच पारावर पंच बसले. पाटील म्हने, ज्याले आपली एक गाय संभाळता येत नाई त्याच्या हाती गावची ढोरं काहून द्यावं, उद्यापासून दुसरा गायकी पाहा. माहा बाप खाली मान घालून बसला. त्याले दुसरं कामच येत नव्हतं बाई, न वावर, न जोडी, आन् पाय तसा.

म्या खाली पाहिलं, आन् पाराखालून जानाऱ्या पांदनीच्या फुफाट्यात मले रेघ दिसली. लोढन्याची. सापानं जावं तशी वळत गेलेली, मोरीच्या खुराच्या मधोमध. मी उठली आन् म्हनली, पाटीलबाबा, गाय मुकी हाये पन तिनं सारं लिहून ठेवलं, चाला वाचून घेऊ. लोक हासले. पन निंघाले. सामोर मी, मांगं पाटील, मंग बाप काठी टेकत, सुतार त असा छाती काढून चाले जशी रेघ गाईनं नाई, त्यानंच काढली.

रेघ सिधी पाटलाच्या वावराकडं. पाटील म्हने, पाहा. धुऱ्याजवळ रेघ थांबली, तिथं माती उकरलेली, म्हंजे मोरी उभी राहिली असन, हुंगलं असन. आन् मंग रेघ वळली. वावराच्या बाहेरून, धुऱ्याधुऱ्यानं, एक शेंडा न मोडता, गरकन् वळसा घालून खाली नदीकडं. मी पळाले लागली. मांगून पाटील म्हने, अवो पोरी हळू, माहं पागोटं पडते.

नदीच्या वाकनात ओल होती, बोरीच्या झाडोऱ्यामांगं लपलेली, आन् तिथं हरळी, बाई, हिरवीगार, गुडघ्याले लागे अशी. मधात आमची मोरी. वाऱ्याकडं तोंड करून, जिभेनं शेंडा ओढून, पुढं पाय टाकून राहिली. शेनाजवळचं गवत तिनं शिवलं नव्हतं, ढोरू शिवतच नाई. बापाच्या डोळ्यात पानी आलं. म्हने, हिची माय इथंच चरे. गायरान होतं तवाची वाट हाये ही. वासरू मायमांगं जे रान शिकते ते मरेलोक इसरत नाई, वाट नांगरली त काय झालं, कडेकडेनं गेली बिचारी.

मंग शेंडे कोनं खाल्ले? मोरीले घेऊन येताना सुतारालेच दिसलं, धुऱ्याच्या पल्याडच्या अंगाले बारके, टोकदार, दुभंगलेले खूर. हरनं. बाप म्हने, त्याइचंबी रान आपनच नांगरलं, ते कुठं जातीन. पाटील म्हने, त आता हरनाच्या गळ्यात लोढनं बांधू काय? आन् आपनच हासला. सुतार म्हने, मापं आना, करून देतो.

तिथंच सुतारानं मोरीचं लोढनं सोडलं. दुसऱ्या दिवसापासून मी ढोराइच्या सामोर चालनं सोडलं. मोरी सामोर, गोहन तिच्या मांगं, मी सगळ्यात मांगं. उन्हाळ्यालोक एक ढोर मेलं नाई आमचं. आन् त्या पाटलानं पुढच्या साली धुऱ्याची एक पट्टी पेरली नाई, कापसाचा असा भाव असून. मोरीचा धुरा म्हनतात तिले अजून.

आता मोरी नाई, बाप नाई, माहे दात नाई. मोरीच्या लेकीच्या लेकी हायेत, त्या अजून त्याच वाटेनं जातात, त्याइले कोनी सांगतलं नाई. नातीले मी म्हनते, कोनी तुले वढाळ म्हनलं त भांडू नको, म्हनजो, रेघ पाहा आन् मंग बोला. देव साऱ्याइले आपापलं रान दाखवो, हरनालेबी.

आन् बाई, तुमी मघापासून ज्याच्यावर बसल्या ना, ते बाभळीचं, तेच ते लोढनं. बाप ह्यावरच बसे पाय लांब करून. नाई नाई, उठू नका, बसा. लई मजबूत हाये. सुताराले हलकं काम जमत नव्हतं.