पायापर्यंतचा फोटो

हिंगोलीच्या एसटीडी बूथमध्ये फोनला आणि इंटरनेटला एकच लाइन होती. फोनसाठी थांबलेल्या विशाखाला कॉम्प्युटरपुढच्या मायलेकींचं बोलणं ऐकू येत होतं.

"साक्षे, रत्नपालचं डोकंच दिसून राहिलं. पाय कुठंय?"

"येऊन राहिला, माय. फोटो तुकड्या-तुकड्यानं येतो, वरून खाली."

"अपघातानंतर बराबर उभा राहतो म्हणला तुझा भाऊ फोनवर. पाहिल्याबिगर मी मानायची न्हाई."

"मग दम धर."

"अन् पायाचाच तुकडा वाटंत हरवला तर?"

"मशीन तेवढाच परत मागवते. समदा आल्याबिगर सोडत न्हाई."

"माझ्यासारखीच हाय म्हण की!"

"तुझ्याहून कमी बोलते."

"कंबर आली बघ!"

बूथवाल्यानं विशाखाकडे पाहिलं. "मॅडम, तुमचा नंबर. नेट तोडू का?"

"थांबा," विशाखा म्हणाली. "आधी पाय येऊ द्या."