सोनूबाईंचा आंबा कोणी खाल्ला

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आम्हा सर्वांना वडीलधारे असलेले भिकाजीराव, संस्थेचे चिटणीस उन्मेष, व्यासपीठावरील सन्माननीय संचालक, पेट्या भरायचं काम अर्ध्यावर सोडून आलेले गंगाराम आणि गोदामातली मंडळी, गावोगावहून आलेल्या बागायतदार भगिनी आणि बंधूंनो, आणि पहिल्या रांगेत बसून मला डोळ्यांनीच ‘थोडक्यात आटप’ असं सांगणारे माझे यजमान श्याम,

आपणा सर्वांना माझा नमस्कार.

गेला तासभर मी या खुर्चीत बसून माझी स्तुती ऐकते आहे. आपल्या रत्नागिरीची माणसं जिवंत माणसाबद्दल इतकं चांगलं सहसा बोलत नाहीत. त्यामुळे मधूनमधून मी स्वतःला चिमटा काढून पाहत होते. शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, आता बोलायलाही मिळतं आहे. निवृत्त होणाऱ्या बाईने आणखी काय मागावं?

पण मघाशी उन्मेष म्हणाले, ‘मालिनीताईंनी आपला हापूस विमानाने परदेशी नेला आणि संस्थेचा झेंडा तिकडे रोवला.’ तुम्ही टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घातली, तो तुम्हाला विनय वाटला असेल. उन्मेष आपल्याकडे नंतर आले, त्यांनी जे ऐकलं तेच सांगितलं, त्यांचा दोष नाही. पण या मोसमात माझ्या जागी येणारी ऋजुता पेट्यांबरोबर फ्रँकफर्टला जाणार आहे. तिने झेंड्याची गोष्ट ऐकून विमानात बसू नये, म्हणून दोन शब्द जास्त बोलते. अध्यक्षांनी घड्याळाकडे जरा काणाडोळा करावा.

मी मूळची पोफळीची. वडील वीजकेंद्रात नोकरीला होते. कॉलनीत तेव्हा धड शाळा नव्हती, म्हणून मला लहानपणीच पुण्याला नन्सच्या शाळेत ठेवलं. तिथे इंग्रजी शिकले, आणि ताटात वाढलेलं टाकायचं नाही, नियम मोडायचा नाही, मोठ्यांना उलट विचारायचं नाही, हेही शिकले. त्या इंग्रजीच्या जोरावर आपल्या संस्थेत पत्रव्यवहाराला लागले. दोन हजार एक साली फ्रँकफर्टच्या व्यापाऱ्याने थेट माल मागवला आणि बरोबर संस्थेचं माणूस हवं असं कळवलं, तेव्हा सगळ्या संचालकांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. भिकाजीराव म्हणाले, “बाई, इंग्रजी तुमचंच. आम्ही तिथं जाऊन आंब्याकडे बोट दाखवणार, दुसरं काय?”

श्याम मला विमानतळावर सोडायला आले होते. आयुष्यभर मी एसटीने हिंडलेली. ते म्हणाले, “घाट लागला की खिडकी उघडायला जाऊ नकोस.” पुढचा अर्धा तास मी तिकीट आहे का, पासपोर्ट आहे का, हे पर्समध्ये हात घालून पाहत होते. आहे हे कळल्यावर पुन्हा पाहत होते. ऋजुता, हे तुलाही होणार, त्याला उपाय नाही.

सुखंही सांगते. पुढ्यात ट्रे आला. त्यात भाताची वाटी वेगळी, लोण्याची चिमुकली वडी वेगळी, मीठमिरीच्या पुड्या वेगळ्या, सगळं भातुकलीसारखं. एक मुलगी वाकून म्हणाली, “चहा घेणार ना, मॅडम?” घरात आणि ऑफिसात इतकी वर्षं चहा विचारण्याचं काम माझं. मी चहा घेतला, संपवला आणि पुन्हा मागितला. नन्सच्या शाळेत शिकलेल्या मुलीने दुसऱ्यांदा मागणं म्हणजे काय, ते तुम्हाला नाही कळायचं.

पण सुख फार वेळ टिकलं नाही. आपल्या पेट्या त्याच विमानात, माझ्या पायांखाली होत्या. ते आठवल्यावर मी चपला काढल्या आणि पाय हलकेच टेकवले. कुणी झोपलेलं असलं की आपण वावरतो ना, तसं. मग काळजी लागली की खाली थंडी किती असेल. आंबा थंडीने काळा पडतो. मी त्या मुलीला विचारलं, “खाली फार गार असतं का हो?” तिला वाटलं माझे पाय गारठले. तिने लोकरीचे मोजे आणि एक पांघरूण आणून दिलं. ते घेऊन मी काय करणार? माझ्या पायांवर घातलं. त्याचा आंब्यांना काय उपयोग?

विमानात माणसाच्या हातात काही नसतं. पट्टा बांध म्हटलं की बांधायचा. विमान हललं की शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं, तो घाबरला नसेल तर आपणही घाबरायचं नाही. माझा शेजारी झोपला होता, त्यामुळे तोही आधार नव्हता.

आता सोनूबाईंबद्दल सांगते. पूर्णगडच्या कातळी सड्यावर सोनूबाईंची आंब्याची मोजकीच कलमं होती. नवरा फार पूर्वी गेलेला, पण झाडांची राखण त्यांनी कुणावर सोडली नाही. दरवर्षी त्यांचा आंबा दलालाकडे जायचा आणि पुढे त्याचं काय होतं ते त्यांना कळायचं नाही. त्या वर्षी त्यांनी हट्टाने आपल्या पेट्या परदेशच्या मालात घातल्या. मी निघायच्या आदल्या दिवशी त्या गोदामात आल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “बाय, माजं एक काम कर.”

“सांगा काकी.”

“इतकी वर्सं आंबे धाडतंय. कोन खाल्लान, कसा खाल्लान, कोनी येऊन सांगितलान नाय. तू हायस तकडं. माज्या पेटीतला आंबा कोन खातोय ता बगून ये.”

मी म्हटलं, “बघून येते.” किती सोपं वाटलं होतं ते.

फ्रँकफर्टला माल उतरला आणि तपासणीच्या शेडमध्ये गेला. तपासणारी एक उंच, शांत बाई होती, माझ्याच वयाची असेल. तिने मधलीच एक पेटी उचलली, झाकण उघडलं, वरचे आंबे काढले आणि थांबली. खाली आंब्याचा टाळ होता, हिरवीगार पाच पानं. त्यावर हळदकुंकू आणि मूठभर तांदूळ. पेटीवर नाव होतं सोनूबाईंचं.

इथे बसलेल्या बायकांना मी काय सांगायचं? घरातलं माणूस लांब निघालं की आपण त्याला रिकामं पाठवत नाही. सोनूबाईंनी आपल्या आंब्यांची ओटी भरली होती. गंगाराम, तुम्ही मला नंतर सांगितलंत की पेटी भरताना तुम्ही ते पाहिलं होतं. मी विचारलं, “मग काढलं का नाही?” तुम्ही म्हणालात, “ताई, ओटीतलं काढायला हात कसा जाईल?”

त्या बाईने पान उचलून भिंगाखाली धरलं आणि मला बोलावलं. पानाच्या पाठीवर एक तुडतुडा बसला होता. आपलाच, मोहोरावर बसतो तो. व्हिसा नाही, तिकीट नाही, पण माझ्याआधी तपासणीच्या टेबलावर हजर. तुम्ही हसता आहात, मलाही आता हसू येतं. तेव्हा मी आधी मागे रचलेल्या पेट्यांकडे पाहिलं. पेटीत पाला निघाला आणि पाल्यावर कीड निघाली, तर तिथे सगळाच माल अडतो.

मी तिला ओटी समजावून सांगायला लागले. ओटीला इंग्रजीत काय म्हणतात? पदर, मांडी, लेक, माहेर, तांदूळ, एकेका शब्दाला मी पाच पाच वाक्यं बोलत होते. माझं व्याकरण कुठेही चुकलं नाही. तिने सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही तोडलं नाही. मग म्हणाली, “तुमची रीत फार सुंदर आहे. पण किडा पेटीत आहेच.”

ती रागावली असती तर मी भांडले असते. ती बरोबर होती. तिच्याही देशात कुणाच्या तरी बागा असतील.

वरच्या साहेबांचा निर्णय येईपर्यंत माल शेडमध्येच होता. मी रोज सकाळी तिथे जाऊन बसायचे. पहिल्या दिवशी शेडमध्ये डिझेलचा वास होता. दुसऱ्या दिवशी दार उघडल्याबरोबर आंब्याचा वास आला. त्यानंतर तर सामान वाहणारी माणसं काम सोडून पेट्यांपाशी रेंगाळायला लागली. आपण लोक कुठल्या दिवशी आंबा तयार होईल याचा अंदाज बांधून पेटी भरतो ना? गंगारामांचा अंदाज तंतोतंत बरोबर आला. मुलगी नटून बसली होती आणि बघायला कुणी येणार नव्हतं. मी व्यापाऱ्याला फोन केले, भिकाजीरावांना फोन केला. ते म्हणाले, “बाई, तुम्हाला जे सुचेल ते करा.” मला काय सुचणार?

निर्णय आला. माल नष्ट करायचा, आणि मालकाच्या वतीने कुणीतरी समोर उभं राहायचं. मी उभी राहिले. चुराडा करणाऱ्या यंत्रात पेट्या ओतत होते. मी नियम पाळणारी मुलगी, सांगितलं तिथे उभी होते.

त्याआधी एक घडलं. नष्ट करायच्या मालातलाही एक आंबा कापून कोयीत भुंगा आहे का, ते नियमाप्रमाणे नोंदवायचं असतं. त्या बाईने सोनूबाईंच्या पेटीतलाच घेतला. मधोमध कापला, कोय पाहिली, स्वच्छ होती. दोन्ही फाका टेबलावर होत्या, केशरी, रेष नाही, डाग नाही. ती लिहायला वळली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “मी कॉफी आणायला जाते. आल्यावर हे कचऱ्यात टाकायचं आहे.” आणि गेली.

मी खाल्ला. उभ्याने, सालीसकट दातांनी ओढून. रस कोपरापर्यंत आला, हात पुसायला काही नव्हतं, पदराला पुसला. ऋजुता, इतका नेमका पिकलेला आंबा मी त्याआधी खाल्ला नव्हता. असहाय म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. तोंडात गोड होतं आणि शेजारी यंत्र सुरू होत होतं.

परतीच्या विमानात पाय कसेही टेकवले. त्या मुलीने चहा विचारला, मी नको म्हटलं.

इथे आल्यावर संचालकांनी विचारलं की पाला कुणी घातला. मी म्हटलं, “आपल्याकडची रीत आहे, नाव कुणाचं घ्यायचं?” भिकाजीरावांनी माझ्याकडे पाहिलं आणि विषय बंद केला. सगळ्या बागायतदारांना सांगितलं की माल तपासणीत अडला. त्यात खोटं काही नव्हतं.

सोनूबाई भेटायला आल्या. बसल्याही नाहीत. “कोन खाल्लान गो?”

मी म्हटलं, “मी खाल्ला, काकी.”

त्या पदर तोंडाला लावून हसल्या. “म्हंजे इमानात बसून गेला नि घरच्याच मानसानं खाल्लान. मग हितंच दिला असता की तुला.”

पुढच्या मोसमाला गोदामाच्या दारावर पाटी लागली, पेटीत फळाशिवाय काहीही ठेवू नये. सोनूबाईंना वाचता येत नव्हतं, कुणीतरी वाचून दाखवली असणार. दुपारी त्या माझ्या टेबलासमोर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, “पाटी माज्यामुळं लागली ना?”

मला खोटं बोलता यायला हवं होतं. मी म्हटलं, “हो.”

“समद्यांचे आंबे गेले?”

“हो, काकी.”

त्या उठून गेल्या. पुन्हा परदेशच्या मालात त्यांनी एकही आंबा घातला नाही. मी पूर्णगडला दोनदा जाऊन आले, समजूत घातली, “तुमचा आंबा सगळ्यांत चांगला होता,” म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, “म्हनून तर.” त्यापुढे माझं इंग्रजीही चाललं नाही आणि मराठीही.

फक्त दर मे महिन्यात त्या एकदा ऑफिसात यायच्या, पिशवीतून एकच आंबा काढून माझ्या कागदांवर ठेवायच्या आणि म्हणायच्या, “खा. माज्यासमोर खा.” मी खाईपर्यंत समोर उभ्या राहायच्या. आधी मला अवघडल्यासारखं व्हायचं, पुढेपुढे मी मुकाट्याने पदर खोचायचे. खाऊन झालं की कोय मागून घ्यायच्या आणि जायच्या. गोड आहे का, म्हणून त्यांनी कधी विचारलं नाही.

सोनूबाई गेल्या त्याला दोन वर्षं होत आली. त्यांची सून हिरा मागे बसली आहे. हे बोलू का म्हणून मी तिला काल विचारलं. ती म्हणाली, “बोला की. चार मानसांत नाव निघालेलं म्हातारीला आवडलं असतं.” गेल्या मे महिन्यात दुपारी दार वाजलं की मी मान वर करायचे. पोस्टमन असायचा, नाहीतर टेम्पोवाला.

ऋजुता, तुला शिकवण्यासारखं माझ्याकडे काही नाही. पेटीत पान जाणार नाही, ते गंगाराम बघतील. विमानात चहा दोनदा माग. तिथे पोचल्यावर आंबे सुटले, विकले गेले, म्हणजे लगेच परत फिरू नकोस. एक दिवस बाजारात उभी राहा आणि कोण घेतं, कसं कापतं, पहिली फोड कुणाच्या हातात देतं, ते बघून ये. आल्यावर हिराला सांग.

संस्थेने मला सांभाळलं, भिकाजीरावांनी विचारायचं नव्हतं ते विचारलं नाही, श्यामनी आंब्याच्या मोसमात दरवर्षी स्वतः भात लावला, या सगळ्यांचे आभार मानते. बोलण्याच्या ओघात कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाचं सांगू नये ते सांगून बसले असेन, तर आपल्या घरची बाई आहे म्हणून सोडून द्या. इतका वेळ ऐकून घेतलंत, आता मला खाली बसू द्या.

नमस्कार.