एका रिंगची राजीखुशी

वाटूर फाट्यावर बसची वाट पाहताना माझ्या मागं दोन बायांची लई दिवसांनी गाठ पडल्ती.

"लालबी, आखातातला फोन आता फुकट झाला म्हणं?"

"हौ झुंबरबाई. कंपन्यांची चढाओढ लागली. तिकडच्या सरकारनं नेटवरचा फोनबी खुला केला."

"मंग तुझे मालक निजामभाई तिकडून रोज बोलत असतील."

"फोन महाग होता तवा ठरवल्तं, एक रिंग म्हंजे राजीखुशी, उचलायचा न्हाई. फुकट झाला तरी सवय तीच."

"अजून?"

"गेल्या रमजानला रिंग वाजतच राह्यली. मला वाटलं, कट करायचं इसरले, म्हून उचलला न्हाई."

"मंग?"

"दवाखान्यातून लावल्ता म्हणं. शेवटचा."

"आरं देवा... लालबी, तुझा फोन वाजून राह्यला."

"थांबा. एका रिंगवर बंद होतो का बघू."