रिळांचा दुसरा डबा

नाही नाही, बसा तुम्ही — टेपचा पट्टा बदलायला दहा मिनिटं, फार तर पंधरा — पण ते काय म्हणालात आत्ता, महिनाअखेरीला? बँडच्या शेवटच्या अल्बमचा दुसरा भाग येतोय? आणि कुणी सांगितलं? — हं, चाहत्यांच्या ग्रुपवर. ग्रुपवर सगळंच येतं हो. चार म्हातारे, चाळीस वर्षं स्टेजवर घाम गाळला, शेवटचा अल्बम काढला, निरोपाचा कार्यक्रम केला, रडले, घरी गेले — पण लोक सोडतात का त्यांना? गाणी नऊच कशी? कव्हरवरच्या जिन्याला पायऱ्या अठरा, मग उरलेली नऊ कुठेयत? शेवटचं गाणं मध्येच तुटतं, म्हणजे पुढचं आहेच! — का तुटतं ते मी सांगू? गायकाचा दम संपला म्हणून. सत्तरी उलटलेला माणूस. नीट ऐका, तो श्वास घेतो आणि सूर येतच नाही. पण नाही, त्यात खूण आहे म्हणे.

आणि तो रिळांचा डबा — बघा, माहीत होतं मला, तुम्ही त्याच्यावर येणार. स्टुडिओतली यंत्रं दुरुस्त करणाऱ्या माणसानं डोळ्यांनी पाहिला, राखाडी पत्र्याचा, वर खडूनं 'दोन' लिहिलेलं — झाकणाचा एक कोपरा चेपलेला, हो ना? तेही सांगतात ना अजून? सांगणारच. मीच लिहिलं होतं ते. कोपरा चेपलेला असला की डबा खरा वाटतो. — मी म्हणजे मीच. दिवसभर डाख देत बसतो, वायरी जोडतो, म्हणून ग्रुपवर नाव घेतलं होतं 'डाखवाला'. ज्याचं नाव तुम्ही एवढ्या भरवशानं घेताय ना, तो हा — तुमच्यासमोर बसून स्क्रू शोधतोय. स्टुडिओत ओळखीचा माणूस वगैरे कुणी नाही मला. डबाही नाही.

हसू नका. का लिहिलं? — ताईसाठी लिहिलं, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होतो. तेही खोटं. आधी स्वतःसाठीच लिहिलं. अकरा वर्षं त्या ग्रुपवर होतो, माझ्या लिहिण्याला कुत्रं विचारत नव्हतं, आणि त्या दिवशी डबा लिहिला आणि तासाभरात तीनशे जण — डाखवाले, अजून सांगा, डाखवाले, किती रिळं होती? — सोळा, म्हणालो मी. सोळा! कुठून आला तो आकडा, देव जाणे. चांगलं वाटलं हो. खोटं कशाला बोलू.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. लग्न तिचंही नाही, माझंही नाही, दोघंच आम्ही, दोन खोल्यांत. हॉस्पिटलच्या लाँड्रीत होती ती, चादरींना इस्त्री करायच्या मोठ्या रोलरवर — सव्वीस वर्षं. या बँडचं वेड तिचंच मूळचं, मला तिनं लावलं. आणि गंमत बघा, उजव्या कानानं ती ठार बहिरी. सहा वर्षांची असताना ताप आला, त्यात गेला तो कान. मग हेडफोन लावला की तिला अर्धंच गाणं ऐकू यायचं — एका बाजूला गिटार, दुसऱ्या बाजूला गाणारा — ती मला विचारायची, आता गिटार काय म्हणतेय रे? मी तोंडानं वाजवून दाखवायचो. चौदा वर्षांचा झालो तेव्हा मी हेडफोन उघडला आणि दोन्ही वायरी एकीत जोडून दिल्या. माझं पहिलं काम ते. ती ऐकत बसली, मग म्हणाली, अरे, एवढं सगळं चालू होतं होय आत!

तर दोन वर्षांमागे तिच्या डाव्या कानात शिटी वाजायला लागली. आम्हाला वाटलं, मशीनच्या आवाजानं. नव्हतं तसं. कानाच्या नसेवर गाठ, मेंदूला लागून. डॉक्टर म्हणाल्या, काढावी लागेल, आणि काढली की हा कानही जाईल, पण तुम्ही राहाल. ताई म्हणाली, राहते की. फक्त त्यांचा शेवटचा अल्बम दीड महिन्यानं येतोय, तेवढा ऐकते, मग काय कापायचं ते कापा. डॉक्टर हसल्या, म्हणाल्या, दोन महिने देते, त्याच्यावर एक दिवस नाही. गाठ मोठी आहे.

आला अल्बम. नऊ दिवस ऐकला तिनं. कामावरून यायची, हात-पाय धुवायची, खिडकीशी बसायची. दहाव्या दिवशी, रविवार होता, हेडफोन काढून मांडीवर ठेवला, म्हणाली, झालं रे माझं. उद्या जाऊन दाखल होऊ. पिशवीसुद्धा भरली तिनं. आणि मग सहज ग्रुप उघडला, निरोप घ्यायला म्हणून — आणि डबा वाचला. मला विचारलं, डाखवाला म्हणजे तूच ना रे? मी म्हटलं, हो. मग म्हणाली, खरंच पाहिला त्या माणसानं?

आता एक शब्द बोलायचा होता मला. नाही. एवढाच. — ती माझ्याकडे बघत होती हो. पन्नाशीची बाई, आणि डोळे असे, की काय सांगू. आणि माझ्या मनात काय आलं, ते आजवर कुणाला बोललो नाही — उद्यापासून मी बोलेन ते हिला ऐकू येणार नाही. मग मी घरात बोलायचं कुणाशी? — हे आलं. ते तिचं गाणंबिणं नंतर. मी म्हटलं, हो, पाहिला.

पिशवी रिकामी केली तिनं. हॉस्पिटलला फोन मीच केला, 'घरी अडचण आहे, पुढची तारीख द्या' म्हणालो. मग त्याच्या पुढची. डॉक्टर चिडल्या, शेवटी त्यांचा फोनही आम्ही घेईनासे झालो. आठ महिने. ग्रुपवर लोक विचारायचे, कधी, कधी — मी लिहायचो, लवकरच. घरी तेच सांगायचो. ती भिंत धरून चालायला लागली. चहाचा कप तोंडाशी नेताना सांडायचा. लाँड्रीत तिचा हात रोलरपाशी भाजला, तेव्हा तिला चादरी मोजायच्या टेबलावर बसवलं. एकदा जेवता जेवता म्हणाली, अगदी शांतपणे — डबा नाहीये ना रे? — रागावली नव्हती, तुम्हाला सांगतो, बिलकूल रागावली नव्हती. आणि मी म्हटलं, आहे, पुढच्या महिन्यात येतोय. पुन्हा! कारण नाही म्हटलं असतं तर ते आठ महिने माझ्या अंगावर आले असते. तिनं मान हलवली, भात कालवला, जेवली.

चौथ्या दिवशी सकाळी मोरीत पडली. ऑपरेशन सात तास चाललं. डॉक्टर बाहेर आल्या तेव्हा माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही त्यांनी. अकरा दिवस ती होती तशी, नळ्या लावलेल्या, डोळे मिटलेले. नर्स म्हणाली, बोला त्यांच्याशी, कधी कधी कळतं आतून. मग मी तिच्या डाव्या बाजूला वाकून सांगितलं — डबा नाहीये गं ताई, मी बनवून लिहिलं होतं, चुकलो मी. सगळं सांगितलं, सोळा रिळांपर्यंत. आणि सांगून झाल्यावर लक्षात आलं, की तो कान तर गेला होता. ऑपरेशनमध्येच गेला होता. मी कुणाला सांगत होतो?

ग्रुपवरही लिहिलं नंतर, खरं ते. काय झालं माहितीये? काढून टाकलं मला. म्हणे अल्बम काढणाऱ्या कंपनीनं याला पैसे चारून गप्प केलंय. ड्रमवाल्यानं मुलाखतीत सांगितलं, काही उरलेलं नाही — तर म्हणे, बघा, कसा नजर चुकवतोय. आता मी मेलो तरी तो डबा मरत नाही.

— तुम्हीही तसंच बघताय. नाही, बघताय! 'कुणी सांगायला लावलंय यांना,' हेच चाललंय ना डोक्यात? मी बहिणीचं मरण सांगतोय आणि तुम्ही त्यात खूण शोधताय! — राहू द्या. माफी नको. धरा, पट्टा बसला. — नाही, इथे लावून बघायचं नाही. या दुकानात वर्ष झालं, काही वाजलेलं नाही. मी मीटर लावतो, काटा हलला की समजतो चालू आहे. तुमचा हललाय. घरी जाऊन लावा, तुमचं काय लावायचं ते. पैसे ठेवा तिथे, नाहीतर नका ठेवू. आणि जाताना दार ओढून घ्या — जोरात नको — हां. जा आता.