एका उकळीचा कंद

मंदाकिनी : आज मी चाखणार नाही.

अनंत : मंदा, पाहुणे येतीलच इतक्यात. कंदाचा नखाएवढा तुकडा जिभेवर ठेवायचा आणि काय वाटतं ते सांगायचं. लग्न झाल्यापासून करतेयस. आजच काय मुहूर्त लागला?

मंदाकिनी : डॉक्टरांनी किडनीला जपा म्हणून सांगितलंय. तुम्ही शेजारीच बसला होतात.

अनंत : साठी उलटली की सगळंच थकतं. माझे गुडघे थकलेत, म्हणून मी डोंगर चढायचं सोडलं का?

मंदाकिनी : मग तुम्हीच ठेवा जिभेवर. सिंहगडाच्या उतारावरून खणून तुम्ही आणलात. आदिमानवाच्या खाण्यावरचं पुस्तक तुमचं, पाहुणे तुमचे.

अनंत : आणि मी आडवा झालो तर बोलणार कोण? तू? पुरातत्त्वातली सगळी बडी मंडळी येतायत. आदिमानवाचं जेवण, स्थळ बिबवेवाडी, लिफ्ट बंद. अगं, शास्त्राला एक लिहिणारा लागतो आणि एक चाखणारा. टोळीतही तसंच असणार. अनोळखी कंद आधी म्हातारीला द्यायचे. ती गेली तर कुणाचं फारसं अडत नसे.

मंदाकिनी : हे कुठल्या उत्खननात सापडलं?

अनंत : तर्काने कळतं.

मंदाकिनी : मी तेव्हा म्हातारी नव्हते. हातावरची मेंदीसुद्धा उतरली नव्हती, आणि तुम्ही रानसुरण पुढे केलात. घसा सुजला, पाणी उतरेना. तुम्ही उशाशी बसून विचारत होतात, ‘नेमकं काय होतंय, शब्दांत सांग.’

अनंत : आणि तू फार छान सांगितलंस. मी ते तसंच्या तसं छापलं.

मंदाकिनी : ‘लेखकाचा स्वानुभव’ म्हणून.

अनंत : नवरा-बायको काय वेगळे असतात?

मंदाकिनी : नसतात ना? मग ऐका. त्या सुरणानंतर मी काहीही चाखलेलं नाही.

अनंत : म्हणजे?

मंदाकिनी : तुम्ही आणून द्यायचात, मी कचऱ्यात टाकायचे. विचारलंत की तोंडाला येईल ते सांगायचे. ‘थोडं तुरट आहे, पण पोटाला बाधलं नाही.’ तुम्ही मान खाली घालून लिहीत सुटायचात. एकदा वर बघितलं असतंत तरी कळलं असतं. माझं तोंड कोरडंच असायचं.

अनंत : थट्टा पुरे.

मंदाकिनी : हा कडूकंदच घ्या. जुनी माणसं तो राखेच्या पाण्यात शिजवून रात्रभर ओढ्यात ठेवत असतील, असं तुम्हीच म्हणायचात. मग पुस्तकात ‘एक उकळी पुरे’ कुठून आलं? मी सांगितलं म्हणून. शेगडी अडकली होती आणि मला आमटी टाकायची होती.

अनंत : त्या प्रकरणाला पुरस्कार मिळालाय, मंदा.

मंदाकिनी : माहितीये. शालीला डांबरगोळ्या मीच घालते.

अनंत : आणि हे तू आज सांगतेस?

मंदाकिनी : इतके दिवस वाटायचं, वाचतंय कोण! आज माणसं खरोखर खायला बसतायत. फेका तो कंद. मी बटाटे लावते कुकरला. सांगा, यंदा मिळाला नाही.

अनंत : आणि माझ्या जन्मभराच्या कामाचं काय सांगू? बायकोने कचऱ्यात टाकलं?

मंदाकिनी : खरं बोलायची सवय नसेल तर बटाटाच बरा.

(दारावरची घंटा वाजते.)

स्वराली : सॉरी सर, मंडईपासून नुसता ट्रॅफिक! पत्रावळी आणल्यात. बाकीचे खाली पार्किंग शोधतायत. वॉव, काकू, हाच का कडूकंद? माझ्या थीसिसमध्ये अख्खं चॅप्टर आहे ह्याच्यावर.

अनंत : ये, स्वराली. त्या प्रबंधावर माझी सही व्हायचीय ना अजून?

स्वराली : हो सर. तेवढं झालं की सुटले.

अनंत : मग आजचा पहिला घास तुझा. माझ्या विद्यार्थिनीचा मान.

स्वराली : माझा? खरंच, सर?

मंदाकिनी : स्वराली, तोंडात घालू नकोस. एकच उकळी दिलीय, विषारी असेल तो. ह्यांनी कधी खाल्लेला नाही, मीही नाही.

स्वराली : असं कसं, काकू? सरांनी तर स्वतः खाऊन...

अनंत : हल्ली काकूंचं असंच चाललंय. परवा दुधाचं पातेलं कपड्यांच्या कपाटात ठेवलं. कुणाला सांगत नाही मी. तू मनावर घेऊ नकोस.

स्वराली : ओह. माझ्या आजीचंही असंच सुरू झालं होतं. काकू, तुम्ही इथे निवांत बसा हं. मी बघते सगळं.

मंदाकिनी : अगं, मी शुद्धीवर आहे! कसलं पातेलं? अहो, परक्याची पोर आहे ती. माझ्यावर काय राग काढायचा तो काढा, पण तिला खरं सांगा.

अनंत : घे, बाळ. मोठा घे, म्हणजे चव नीट कळते.

मंदाकिनी : थुंक. थुंक ते आधी!

स्वराली : काकू, प्लीज, सर बघतायत. ...चांगला लागतोय, सर. फक्त घसा आवळल्यासारखा होतोय. होतं ना असं?

अनंत : होतं, होतं. पुस्तकात दिलंय मी.