तू थांब, मीच येते

...आणि वर मलाच म्हणते, ‘शुभे, तू एका जागी थांबत नाहीस!’ मी? अहो, बासष्टाव्या वर्षी बर्लिनच्या पोटात शिरून जिने चढायची मला काय हौस आली होती?

ही विभावरी, माझी मिरजेची शाळेतली मैत्रीण. एकतीस वर्षांत गाठ नाही. मुलाकडे स्टुटगार्टला आली, तिथून दोन दिवस इथे बर्लिनला पुतणीकडे. आणि मी इथेच, लेकीकडे! मला फोन कधी? निघायच्या दिवशी! का? तर म्हणे, ‘तुला उगाच त्रास नको गं!’ शेवटी ठरलं, आलेक्झांडरप्लाट्झला ती मेट्रो बदलणार, तिथे अर्धा तास भेटायचं.

आता हे आलेक्झांडरप्लाट्झ... तुम्हाला सांगते, जमिनीखाली तीन मेट्रो, तीन फलाट, आणि नाव मात्र एकच! मी उतरले यू-टू मेट्रोच्या फलाटावर, ती यू-एटच्या. फोन केला, ‘विभे, तू थांब, मीच येते.’ ‘छे गं, तुझे गुडघे! तू थांब, मीच येते.’ आता मी थांबेन? पाहुणी ती! मी गेले खाली. ती? वर! पुन्हा फोन. ‘आता हलू नकोस, मीच येते.’ ‘नाही, मीच!’ मी वर... ती खाली! शेवटी लेकीला फोन लावला, तर ऊर्जा तिच्या जर्मन तोऱ्यात म्हणते, “आई, आल्झो, म्हणजे असं बघ, दोघींपैकी एकीने फक्त उभं राहायचं. संपलं!” संपलं काय संपलं? बरं दिसतं का ते?

आणि जिन्यात धापा टाकताना काय आठवावं? मिरज! शाळा सुटली की ती मला घरापर्यंत पोचवायची. मग ‘एकटी कशी जाशील’ म्हणून मी तिला. मग पुन्हा ती मला! दिवेलागण व्हायची, दोघींच्या आया दारात ओरडत उभ्या, आणि आमचं बोलणं काही संपत नसे. खरं सांगते, तसं बोलायला पुन्हा कुणी मिळालंच नाही हो. नवऱ्याशीसुद्धा नाही.

शेवटी भेटलो यू-फाइव्हच्या फलाटावर. स्टुटगार्टची गाडी मुख्य स्टेशनवरून, आणि तिथे नेणारी तिची मेट्रो दोन मिनिटांत! पांढरे केस, पण हसू तेच. गळ्यात पडून नुसत्या रडलो. तेवढ्यात मेट्रो आली. मी म्हटलं, ‘तू दमलीस, बॅग मीच चढवते.’ चढवली... आणि मागे दारं बंद! मी आत, ती बाहेर! फोन. ‘पुढच्या स्टेशनवर थांब, मीच येते!’ ‘अगं नको, तू थांब, मीच परत येते!’ मी उलटी मेट्रो पकडली. ती सुटते न सुटते, तोच समोर दुसरी आली, आणि तिच्या खिडकीत कोण? विभा! मला बघून हात हलवतेय!

अखेर गाठ पडली, तोवर स्टुटगार्टची गाडी गेली ती गेलीच. म्हटलं, चला घरी, आता सकाळी जा. रात्रभर बोललो, मिरजेतलं एक घर सोडलं नाही. फक्त झोपायच्या वेळी... माझ्या खोलीत पलंग एकच. ‘विभे, तू वर झोप, मी खाली.’ ‘छे गं, तुझे गुडघे! मी खाली.’ ‘पाहुणी तू!’ ‘परकी आहे का मी?’

काय सांगू... दोघीही जमिनीवर, आणि पलंगावर तिची बॅग!