पखवाजाला पट्टा

मंडळी, एक प्रश्न सोडवून द्या मला. फळ्यावर लिहिलं, ‘मृत एकवीस’ — तर त्या एकविसांत आपण का नाही? पुण्य जास्त? अहो, पुण्याचं सोडा! उत्तर माझ्याच अंगावर बेतलं, तेच आज सांगतो. ऐका!

आमच्या चावडीत गेल्या सोमवारी सभा भरली. रस्ता सुरक्षेच्या एक बाई आल्या. त्यांनी फळ्यावर लिहिलं — सासणीच्या घाटात वर्षात मृत एकवीस, पैकी सतरा जणांनी पट्टा लावला नव्हता. मी अक्षरं शिकलो बावन्नाव्या वर्षी. तरी घडाघडा वाचलं!

आमचा पखवाजवाला गेनबा उठला. “बाई, म्हणजे चौघं पट्टा लावून मेले! त्यांना काय पट्ट्यानं गिळलं?”

सभा हसली. आणि मी? मीही हसलो, मंडळी! माझा आवाज तर सगळ्यात मोठा!

बाई म्हणाल्या, “आजोबा, पट्टा लावून वाचले ते घरी जाऊन जेवले. त्यांना या फळ्यावर कोण लिहितो?”

“दंड उकळायचे धंदे!” गेनबा म्हणाला. पुन्हा हशा.

बुधवारी आम्ही त्याच घाटातून कीर्तनाला निघालो. गाडी रज्जाकची. पखवाजाला चामड्याची नवी पुडी चढवलेली. गेनबानं तो मागच्या सीटवर ठेवला, खाली उशी दिली, वरून पट्टा ओढला — खट्! तान्ह्या लेकराला निजवावं तसा! स्वतः पुढं बसला. गाडी टिंग टिंग करायला लागली.

रज्जाक म्हणाला, “गेनूकाका, पट्टा लावा की.”

“लावतो की!” म्हणाला, आणि पट्टा पाठीमागून नेऊन खटक्यात अडकवला. गाडी गप्प! “बघ, हिलाही फसवलं!”

अरे बाबा, गाडीला फसवलंस — घाटाला कसा फसवशील?

“महाराज, तुम्ही तरी सांगा,” रज्जाक मला म्हणाला. मी पखवाजाशेजारी, बिनपट्ट्याचा! कुठल्या तोंडानं सांगू?

तिसरं वळण — समोर उसाची ट्रॉली आडवी! रज्जाकनं ब्रेक दाबला, तरी धडक बसलीच. माझा हा हात गळ्यात बांधलाय, तो तिथलाच. गेनबा काचेवर आपटला. रज्जाकला खरचटलंसुद्धा नाही. आणि पखवाज? जागचा हलला नाही!

हा बघा, इथं ठेवलाय. आज नुसत्या टाळांवर कीर्तन चाललंय, ते का — कळलं आता?

गेनबा दवाखान्यात आहे. चार दिवस झाले, डोळा उघडलेला नाही. उशाशी त्याची सून शेवंता बसलीय. सकाळी तिचा फोन आला — “महाराज, मामंजींची बोटं हलल्यासारखी वाटली... का मलाच भास झाला?” फळा त्या बाईंकडं आहे. गेनबाला त्यावर लिहायचं की नाही, अजून ठरायचंय.

माउलींनो, त्याच्यासाठी हात जोडा. पण नुसत्या जोडलेल्या हातांवर आज तुम्हाला सोडणार नाही! मैदानात अकरा गाड्या उभ्या आहेत, मी मोजून आलोय. आरती झाली की आत बसा, मागचेसुद्धा! मी फाटकात प्रसादाची परात घेऊन उभा राहतो. प्रत्येकाची खट् ऐकल्याशिवाय एकाच्याही हातावर प्रसाद ठेवणार नाही.

हसू नका. सोमवारी मीही हसलो होतो.